आर15 घरीच सजवताना: आधी काय, नंतर काय आणि काय अजिबात नाही

यामाहाची नवी आर15 बाइक घरी आली की पुण्यातला माणूस पहिल्याच आठवड्यात नाना पेठेत, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात जातो. मीही गेलो होतो, 2019 साली, व्हर्जन 3 घेतल्यावर. एका फेरीत लिव्हरची जोडी, मागचं आखूड मडगार्ड, बारीक इंडिकेटर, फोनचा होल्डर आणि टाकीचं पॅड घेऊन आलो आणि दोन दिवसांत सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळं बसवलं. पुढचा पावसाळा संपेपर्यंत पॅड सोडून सगळं उतरवावं लागलं. नवी लिव्हर पुढचा ब्रेक किंचित धरून ठेवत होती, मागे बसणाऱ्या बहिणीच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उठत होता आणि फोनचा चार्जर थेट बॅटरीला जोडल्यामुळे चार दिवस गाडी उभी राहिली की स्टार्टर गप्प. त्यानंतर तीच कामं मी पुन्हा, नीट क्रमाने शिकलो. तो क्रम इथे देतो आहे.

उदाहरण आर15चं आहे, पण बजाजची आरएस200, केटीएमची आरसी किंवा सुझुकीची जिक्सर एसएफ अशी दुसरी स्पोर्ट बाइक असली तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतात. एक लक्षात ठेवा: ही गाडी जेमतेम 142 किलोची आहे, सीटची उंची 815 मिलिमीटर, इंजिन 155 सीसीचं. तिची खरी मजा ताकदीत नाही, वळणात आहे. डेल्टाबॉक्स चासी (यामाहाचा खास भक्कम सांगाडा) आणि हलकं पुढचं चाक यामुळे ती ताम्हिणीच्या वळणांवर जशी वळते तशी तिच्या दुप्पट किमतीच्या गाड्याही वळत नाहीत. म्हणून कुठलीही वस्तू घेताना मी आधी हे बघतो की त्यामुळे गाडीवरची माझी पकड सुधारते की बिघडते. आणि दुसरं, जे पुन्हा काढून मूळ पार्ट लावता येईल तेच बसवतो. कापाकापी नाही, भोक पाडणं नाही, मूळ वायर तोडणं नाही. काढलेला प्रत्येक पार्ट बोल्टसकट पिशवीत, पिशवीवर नाव, आणि सगळं एका खोक्यात. गाडी विकताना, विम्याच्या वेळी किंवा वॉरंटीच्या वेळी ते खोकं कामाला येतं.

हत्यारं

गाडीबरोबर मिळणाऱ्या किटवर भागत नाही. 8, 10, 12 आणि 14चे रिंग पाने, अ‍ॅलन कीचा चांगला संच (4, 5 आणि 6 सगळ्यात जास्त लागतात), 10चा टी-पाना, एक बरा स्क्रू ड्रायव्हर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. स्वस्त अ‍ॅलन की घेऊ नका. तिची कडा गोल होते, मग ती बोल्टचं डोकं खाते आणि फेरिंगचा, म्हणजे गाडीच्या प्लास्टिकच्या आवरणाचा, एक बोल्ट काढायला ड्रिल मशीनवाला शोधावा लागतो.

टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच आवळू देणारा पाना, महाग वाटतो, पण ब्रेक कॅलिपर, चाकाचा अ‍ॅक्सल आणि इंजिन माउंट यांना हात लावणार असाल तर तो हवाच. नसेल तर ती तीन कामं गॅरेजमध्ये करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. 6 मिलिमीटरच्या साध्या बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटर पुरतात. म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. नवशिक्याचा हात कायम जास्त आवळतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले. बोल्ट नेहमी आधी बोटांनी तीन-चार फेरे फिरवा. बोटांनी जात नसेल तर तो वाकडा बसतोय. तिथे पाना लावायचा नाही, मागे घेऊन पुन्हा लावायचा.

पहिलं काम फुकटाचं

बरेच जण हे करतच नाहीत. गाडी शोरूममधून येते ती कुणाच्याच अंगाची नसते. मित्राला सांगून गाडी सरळ धरायला लावा, नेहमीसारखे बसा आणि बोटं लिव्हरवर ठेवा. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यायला हवी. मनगट वर किंवा खाली मोडत असेल तर लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट थोडे सैल करून तिचा कोन बदला. शहरात मनगट दुखतं म्हणून हँडल उंच करायचे तुकडे घेणाऱ्या चौघांपैकी दोघांचं दुखणं एवढ्यानेच जाईल, असं माझं मत आहे. उरलेलं दुखणं टाकी गुडघ्यांनी न धरल्यामुळे असतं. त्याचं पुढे बघू.

क्लचच्या लिव्हरच्या टोकाला 10 ते 15 मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवा. गिअरचा पायडल बुटाच्या उंचीला बसवा. त्याच्या जोडदांड्याच्या एका टोकाचे आटे उलटे असतात, म्हणून दोन्ही लॉक नट सैल करून दांडाच फिरवायचा. आरसे असे लावा की त्यात स्वतःचं कोपर कमी आणि रस्ता जास्त दिसेल. चाकाची हवा चेनगार्डवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरा. या सगळ्याला एक तास लागतो आणि गाडी नवी वाटते.

घोडी आणि चेन

खरेदी करायचीच असेल तर पहिली खरेदी पॅडॉक स्टँडची, म्हणजे आमच्या भाषेत घोडीची. या गाडीला मधला स्टँड नसतो आणि घोडीशिवाय चेन नीट साफ करता येत नाही. पहिल्यांदा चढवताना एकट्याने करू नका. कुणीतरी पुढचा ब्रेक धरून उभं राहायला हवं.

चेन साफ करताना चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू करून, पहिला गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक तुम्ही पाहिले असतील. फडकं स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, ओढलं जातं आणि त्याबरोबर बोटं जातात. त्या एका चुकीमुळे बोटाचं पेर गमावलेला माणूस मी जवळून पाहिलाय. किल्ली खिशात ठेवा, मगच चेनला हात लावा. मऊ ब्रश आणि केरोसीन किंवा चेन क्लीनर, मग कोरडं फडकं, मग आतल्या बाजूने ल्यूब. स्प्रेऐवजी 90 नंबरचं गिअर ऑइल ब्रशने लावलं तरी चालतं. ते चाकावर थोडं उडतं, पण पावसात चांगलं टिकतं. ताण मोजायचा तो पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे. अंदाजाने घट्ट केलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट, कारण मागे माणूस बसला की ती आणखी ताणली जाते आणि बेअरिंग खाते.

टाकीचं पॅड

बाजूचं, गुडघ्याजवळचं पॅड घ्या. मधलं पॅड बेल्टच्या बकलने पडणाऱ्या ओरखड्यांपासून वाचवतं, पण पकड बाजूच्याच पॅडने मिळते. गुडघ्यांनी टाकी धरली की जोरात ब्रेक मारतानाही अंगाचा भार मनगटावर येत नाही. टाकी शाम्पूने धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण मेणाचा किंवा पॉलिशचा थर राहिला तर गोंद धरत नाही. आधी कागदी टेपने जागा आखून घ्या, डावं-उजवं मोजा. पॅडला हेअर ड्रायरने किंचित ऊब द्या, एका कडेने दाबत जा आणि पुढचे 24 तास गाडी धुऊ नका.

चार्जरची वायरिंग

इथे जरा थांबून, सावकाश काम करायचं आहे. लहान स्पोर्ट बाइकमधल्या सगळ्यात जास्त भानगडी वायरिंगमधून निघतात. बॅटरी अगदी छोटी, इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर बेताचा, आणि 1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांचा हेडलाइट कायम चालू. त्यात आपण भर घालणार.

आधी हिशोब. फोनला 5 व्होल्टवर 2 अँपिअर म्हणजे 10 वॉट. 12 व्होल्टच्या बाजूला ते एक अँपिअरच्या आसपास पडतं. एवढं गाडीला सहज पेलतं. 20 वॉटचे दोन जादा दिवे लावले तर 40 वॉट, म्हणजे साडेतीन अँपिअरच्या घरात. तेही इंजिन नीट फिरत असेपर्यंत ठीक, पण सिग्नलवर आयडलिंगला बॅटरीतून खर्च होतं.

साहित्य: 12 व्होल्टचा चार पिनांचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच), वायरीत बसणारा फ्यूज होल्डर आणि 3 अँपिअरचा फ्यूज, 1 चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी वायर, क्रिम्प करायचे टर्मिनल, हीट श्रिंक नळी, केबल टाय. मुंबईकरांना हे सगळं लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात मिळेल. रिले घ्यायचा कारण त्यामुळे चार्जर किल्ली फिरवल्यावरच चालू होतो. माझी बॅटरी मरायची ती नेमकी या एका भागावाचून.

1. किल्ली बंद. सीट काढा. बॅटरीची आधी काळी, म्हणजे निगेटिव्ह वायर सोडवा, मग लाल. उलट केलंत आणि पाना चासीला टेकला तर थेट ठिणगी. जोडताना आधी लाल, शेवटी काळी.

2. बॅटरीच्या लाल टर्मिनलपासून वायर घ्या आणि वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवा. फ्यूज लांब असेल तर त्याच्या अलीकडची वायर घासून शॉर्ट झाली तरी तो वाचवणार नाही. फ्यूजनंतरची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनला.

3. 87 नंबरच्या पिनमधून वायर चार्जरच्या लाल वायरीला. चार्जरची काळी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणा. चासीच्या रंगवलेल्या बोल्टला दिलेली अर्थ पावसाळ्यात दगा देते.

4. 85 निगेटिव्हला. 86ला हवी अशी वायर जिच्यात फक्त किल्ली फिरवल्यावर 12 व्होल्ट येतात. यामाहाच्या गाड्यांत ही वायर तपकिरी असते आणि ती हॉर्नपर्यंत गेलेली सहज सापडते. तरीही रंगावर विसंबू नका. बॅटरी तात्पुरती जोडून मल्टिमीटर लावा: किल्ली बंद असताना शून्य, चालू केल्यावर 12च्या आसपास. मग बॅटरी पुन्हा सोडवूनच जोडणी करा.

5. हॉर्नच्या टर्मिनलवर दोन तोंडांचा जोड घालून तिथून वायर घ्या, मूळ वायर सोलायची गरज पडत नाही. मूळ वायर टोचून जोडणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा अजिबात वापरू नका. त्या तांब्याच्या तारा कापतात आणि आत पाणी जाऊन हिरवा गंज चढतो.

6. वायरी मूळ हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या, सोबतीने न्या, इंजिन आणि रेडिएटरपासून लांब. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा की वायर कुठे ताणली किंवा चिमटली जात नाही ना. मगच केबल टाय आवळा.

7. बॅटरी जोडा, इंजिन चालू करा, चार्जरला फोन लावा आणि बॅटरीवर मीटर धरा. इंजिन फिरत असताना 14च्या आसपास दिसायला हवं. 13च्या खाली जात असेल तर भार जास्त होतोय.

फोनच्या होल्डरबद्दल एक इशारा. एका सिलिंडरची गाडी आहे, हँडलला कंप असतो आणि त्याने फोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडू शकते. अ‍ॅपलने 2021 मध्ये आपल्या ग्राहकांना हे जाहीरपणे सांगितलं होतं. कंप शोषणारा रबरी जोड असलेला होल्डर घ्या, किंवा फोन खिशात ठेवून कानात दिशा ऐका.

चिखल, साडी गार्ड आणि नंबरप्लेट

आपल्याकडे चार महिने पाऊस असतो. मागचं लांब मडगार्ड दिसायला नकोसं वाटतं, पण ते काढलंत की चाकाचं पाणी तुमच्या पाठीवर, मागच्या माणसाच्या अंगावर आणि पाठून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर. मी आखूड मडगार्ड परत काढलं आणि त्याऐवजी चाकालगतचं छोटं मडगार्ड, म्हणजे हगर, बसवलं. ते मोनोशॉकवर, म्हणजे मागच्या एकुलत्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर, चिखल उडू देत नाही. बसवल्यावर मागे दोन माणसं बसवून चाकाला घासत नाही ना हे बघा, मगच रस्त्यावर न्या.

साडी गार्ड काढायचा मोह सगळ्यांना होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123वा नियम सांगतो की मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, तसंच मागे बसणाऱ्यासाठी हाताला आधार आणि पायाला टेकू हवा. नियम बाजूला ठेवला तरी ओढणी चाकात अडकल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मागे कुणीही बसणार असेल तर ते जागेवर राहू द्या. नंबरप्लेटही तशीच: हाय सिक्युरिटी प्लेट दुमडून किंवा सीटखाली आडवी लावू नका.

लिव्हर बदलायची असेल तर

बोटं आखूड असतील तर अंतर बदलता येणारी लिव्हर उपयोगाची आहे. पण ब्रेकची लिव्हर बसवल्यावर ती मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळच्या, ब्रेकचं तेल ढकलणाऱ्या भागाच्या) दट्ट्याला कायम टेकून राहत नाही ना, हे तपासा. तिला थोडी मोकळी हालचाल असलीच पाहिजे. नसेल तर तेल परत येण्याचं बारीक छिद्र बंद राहतं, डिस्क तापते, तेल फुगतं आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. माझ्या गाडीवर नेमकं हेच होत होतं, आणि मला वाटत होतं की फक्त मायलेज कमी झालंय. पुढचं चाक उचलून हाताने फिरवा, मग दहा किलोमीटर चालवून आल्यावर पुन्हा फिरवा. दोन्ही वेळा सारखंच मोकळं फिरायला हवं. ब्रेकचं तेल रंगावर सांडू देऊ नका, सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

हँडल हलवलंत किंवा उंच केलंत, तर इंजिन आयडलला ठेवून ते दोन्ही टोकांना वळवा. आवाज चढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. तशी गाडी चालवायची नाही.

पडण्याची तयारी

नवशिक्याची गाडी बहुतेक वेळा उभ्या उभ्या पडते: पार्किंगमध्ये, वाळूवर यू टर्न घेताना. त्यासाठी फ्रेम स्लायडर, म्हणजे पडल्यावर आधी जमिनीला टेकणारे बाजूचे गुटके, पुरेसे आहेत. कंपनीच्या फेरिंगला भोक पाडावं लागत नाही असा संच बघा. हा बसतो इंजिन माउंटच्या बोल्टच्या जागी, म्हणून इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्याचा आधार द्या, एका वेळी एकाच बाजूचा बोल्ट काढा आणि टॉर्क पान्यानेच आवळा. फार लांब बाहेर येणारे स्लायडर नकोत. पडल्यावर ते तरफेसारखे काम करतात आणि चासीलाच झटका देतात. मोठे लोखंडी क्रॅश गार्ड या गाडीवर मला पटत नाहीत, वळणात झुकल्यावर ते आधी टेकतात.

आणि हेल्मेट हीच सगळ्यात महत्त्वाची अ‍ॅक्सेसरी. आयएसआय शिक्का, म्हणजे आयएस 4151, आणि हनुवटीचा पट्टा लावलेला. चार वस्तूंचे पैसे वाचवून चांगलं हेल्मेट आणि हातमोजे घ्या. हे मी मनापासून सांगतोय.

जे करू नका

सायलेन्सर. या इंजिनात झडपा उघडण्याची पद्धत 7,400 आरपीएमच्या पुढे बदलते आणि तिथला आवाज मूळ सायलेन्सरमधूनही सुंदर येतो. मोकळ्या सायलेन्सरने ताकद वाढत नाही, आवाज वाढतो. 80 ते 175 सीसीच्या दुचाकीला 77 डेसिबलची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2)खाली आवाज आणि प्रदूषणाच्या उल्लंघनाला पहिल्या वेळीच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडतानाचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

एकूण बदलांबद्दलही कायदा कडक आहे. कलम 52 नुसार आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, माहितीशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि 182ए(4)प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, असं सांगितलं. म्हणून रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओत चौकशी करा, आणि बसवलेल्या महागड्या वस्तू विमा कंपनीला लेखी कळवा.

रुंद टायर. पुढे 100/80-17, मागे 140/70-17. मागे 150चा टायर बसवला की रिम तीच राहते, त्यामुळे टायर बाजूंनी आवळला जातो, त्याचा आकार बिघडतो आणि गाडी वळायला जड होते. ज्या गुणासाठी ही गाडी घेतली तोच गेला. पैसे खर्चायचेच असतील तर त्याच मापाचा चांगल्या रबराचा टायर घ्या. वेगळ्या सुरांचे किंवा कर्कश हॉर्न आणि समोरच्याचे डोळे दिपवणारे पांढरे दिवेही नकोत. घाटात समोरचा आंधळा झाला तर तो तुमच्याच अंगावर येतो.

काम संपल्यावर

जेवढे बोल्ट तुम्ही उघडले त्या प्रत्येकावर पांढऱ्या पेंट मार्करने एक रेघ ओढा, अर्धी बोल्टच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या पृष्ठभागावर. कंप जास्त असलेल्या जागी निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा द्रव) एक थेंब, लाल कधीच नाही, ते तापवल्याशिवाय सुटत नाही. मग पहिली फेरी घराजवळच, वीस मिनिटांची. परत आल्यावर ब्रेक, हँडलची दोन्ही टोकं आणि वायरी हाताने तपासा. 100 किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा गाडीभोवती टॉर्च घेऊन फिरा. रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरलाय. तो काढा, आटे पुसा, पुन्हा आवळा आणि जुनी रेघ पुसून नवी ओढा.